सर्व्हिस बुकातले वय आणि शरीराचे वय

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी सायंकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने यंदा आरोग्यावर बोला असे सांगितले. मी डॉक्टर नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेच्या पी-वे खात्यात लागलो आणि तेव्हापासून रूळ, स्लीपर आणि खडी तपासत आलो. परंतु कुठल्या वस्तूचे वय किती झाले आणि ती अजून किती दिवस चालेल, हा प्रश्न आमच्या खात्यात रोजचाच आहे. त्याच नजरेने माणसाच्या वयाकडे पाहावे म्हणून हा विषय घेतला.

सुरुवात जन्मतारखेपासून करू. या मंडपात १ जूनचा वाढदिवस असलेले किती जण आहेत? हात वर करा. (सात-आठ हात वर. हशा.) महाराष्ट्रातल्या मंडळींना याचे कारण सांगायला नको. मुलाला शाळेत घालताना गुरुजी जन्मतारीख विचारत आणि आई सांगे, पोळ्याच्या आदल्या दिवशी, ज्या साली मोठा पूर आला त्या साली. गुरुजी १ जून लिहून मोकळे होत, म्हणजे जूनच्या प्रवेशाला वय बरोबर बसे. तीच तारीख दाखल्यावर आली, दाखल्यावरून सर्व्हिस बुकात आली, आणि तिथे आल्यावर ती बदलणे जवळजवळ अशक्य. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मे रोजी आपल्याकडे हारतुऱ्यांचा तुटवडा पडतो.

साठ हा आकडा तरी कुठून आला? संवत्सरे साठ, म्हणून एक फेरा पूर्ण झाला की षष्ट्यब्दी. इथे मायिलाडुतुरैच्या पुढे तिरुक्कडैयूरला कधीही जा, साठीची, सत्तरीची, ऐंशीची जोडपी पुन्हा लग्नाला उभी असतात. मार्कंडेयाला यमापासून सोडवले ते हेच ठिकाण असे मानतात, त्यामुळे जागा योग्यच निवडली आहे. आपले सहस्रचंद्रदर्शनही असेच हिशोबाचे आहे. वर्षाला बारा पौर्णिमा आणि थोड्या वर, म्हणजे हजार पौर्णिमा व्हायला ८१ वर्षे लागतात. सरकारचा हिशोब त्याहून सोपा. १९९८ साली केंद्र सरकारने निवृत्तीचे वय ५८ वरून ६० केले. त्या दिवशी कोणाचे गुडघे दोन वर्षांनी तरुण झाले नाहीत.

आता रुळाचे उदाहरण घ्या. रूळ कधी बदलायचा हे किती वर्षे झाली यावर ठरत नाही. त्याच्यावरून एकूण किती वजन गेले हे आम्ही दशलक्ष टनांत मोजतो, त्याला जीएमटी म्हणतात. माझ्या उमेदवारीच्या काळातल्या नियमपुस्तकात ५२ किलोच्या रुळाला ५२५ आणि ६० किलोच्या रुळाला ८०० जीएमटी असे आकडे होते. म्हणजे मेन लाइनवरचा रूळ काही वर्षांत म्हातारा होतो आणि त्याच कारखान्यातून त्याच दिवशी निघालेला त्याचा भाऊ यार्डातल्या सायडिंगमध्ये तरुण राहतो. शिवाय ठरलेले वजन होण्याआधीही रूळ जातो. कर्व्हवर बाहेरचा रूळ आधी झिजतो. नागपट्टिणम-कारैक्कालकडे खाऱ्या वाऱ्याने लायनरखाली गंज धरतो, आणि तो वरून दिसत नाही. वरून चकचकीत दिसणाऱ्या रुळाच्या पोटात तडा असू शकतो, म्हणून ध्वनिलहरी सोडून आत पाहावे लागते. ते यूएसएफडी. गर्भवतीची सोनोग्राफी करतात त्याच जातीचे यंत्र.

माणसाचे असे मोजमाप कोणी केले आहे का? केले आहे. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन नावाचे गाव आहे. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांचा पाठपुरावा शास्त्रज्ञ जन्मापासून करत आहेत. २०१५ साली त्यांनी त्यांतल्या ९५४ जणांचा हिशोब मांडला. सगळे ३८ वर्षांचे. रक्तदाब, मूत्रपिंड, फुप्फुसे, साखर, चरबी अशी अनेक मापे घेऊन शरीराचे वय काढले तर ते २८ पासून ६१ पर्यंत निघाले! एकाच वर्गातली मुले, आणि एकाचे शरीर निवृत्त होऊन वर एक वर्ष झालेले. २६, ३२ आणि ३८ या तीन वयांतल्या मापांवरून वेगही काढला. काहींचे शरीर एका वर्षात तीन वर्षांच्या आसपास म्हातारे होत होते, काहींचे जेमतेम हलत होते. आणि हे सगळे लोक अजून आजारी पडलेले नव्हते. मला यातले महत्त्वाचे हेच वाटते. तडा रुळाच्या पोटात असतानाच सापडला.

शरीराचे सगळे भाग एकाच चालीने म्हातारे होत नाहीत हेही ध्यानात ठेवावे. आपल्या सरस्वती महालात सरफोजी राजांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आहेत, डोळ्यांच्या चित्रांसह. दोनशे वर्षांपूर्वी या गावात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होत आणि त्यांचे टिपण ठेवले जाई, याचा आपल्याला अभिमान हवा. डोळ्याच्या भिंगातली प्रथिने शरीर बदलत नाही. आतली तर जन्माआधी तयार झालेली असतात. आयुष्यभराचे ऊन आणि रक्तातली साखर त्यांच्यावर साचत जाते. म्हणून एकाला मोतीबिंदू पंचेचाळिसाव्या वर्षी होतो आणि दुसरा ऐंशीव्या वर्षी चष्म्याशिवाय पंचांग वाचतो. साखर जशी भिंगाला चिकटते तशीच रक्तवाहिन्यांच्या भिंतींना आणि हिमोग्लोबिनलाही चिकटते. एचबीए१सी नावाची तपासणी हीच चिकटलेली साखर मोजते.

पेशींच्या आतही घड्याळ सापडले आहे. जनुकांवर बारीक रासायनिक खुणा बसतात आणि वयाप्रमाणे त्या बदलत जातात. स्टीव्ह हॉर्वाथ यांनी २०१३ साली अशा ३५३ जागा निवडून, केवळ त्यांवरून माणसाचे वय बरेच अचूक सांगता येते हे दाखवले. पुढे नेहमीच्या रक्ततपासणीतल्या नऊ आकड्यांवरूनही शरीराचे वय काढण्याची रीत आली. हल्ली मोठ्या शहरांत ‘तुमचे खरे वय ओळखा’ म्हणून तपासण्या विकतात. पैसे घालवू नका असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच माणसाला एक घड्याळ बेचाळीस सांगते आणि दुसरे एक्कावन्न. हजार माणसांच्या अभ्यासाला ही साधने उत्तम आहेत; एकट्याने निकाल हातात घेऊन खूश व्हायला किंवा घाबरायला ती अजून तयार नाहीत.

आता घरचे उदाहरण. पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय खात्यात डॉ. एस. एल. मल्होत्रा होते. देशभर पसरलेले रेल्वे कर्मचारी, ठरलेल्या श्रेणी, प्रत्येकाची जन्मतारीख आणि आजारपण कागदावर. संशोधनासाठी याहून चांगली वही कुठे मिळणार? १९६७ साली त्यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिले की हृदयविकाराने होणारे मृत्यू पंजाबातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांपेक्षा दक्षिणेतल्या कर्मचाऱ्यांत सातपट आहेत, आणि दक्षिणेतले लोक कमी वयातही जातात. गंमत अशी की तूप-लोणी पंजाबी लोक कितीतरी जास्त खात होते. त्यांनी दिलेली आहाराची कारणे सगळ्यांनी मानली नाहीत, परंतु सर्व्हिस बुकात वय सारखे आणि हृदयाचे वय वेगळे, ही गोष्ट आपल्याच खात्याच्या वहीतून आधीच बाहेर आली होती. पुढे बावन्न देशांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचे मधले वय दक्षिण आशियात ५३ निघाले, इतरत्र ५९ च्या आसपास.

अमेरिकेतही १९६२ साली रेल्वेच्याच लोकांवर अभ्यास झाला होता. कारकून, यार्डात शंटिंग करणारे आणि लाइनवर काम करणारे, म्हणजे आपले गँगमन. हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण कारकुनांत गँगमनच्या जवळजवळ दुप्पट होते. यावर कोणी म्हणेल की आजारी गँगमन काम सोडून जातो, म्हणून उरलेले धडधाकट दिसतात. तेही थोडे खरे आहे. पण पुश ट्रॉलीवरून जाताना मला हा अभ्यास नेहमी आठवतो. मी छत्रीखाली बसलेला आणि मागे ट्रॉलीमन रुळावरून पळत ढकलणारे. हृदयाच्या हिशोबात ते माझ्यापेक्षा तरुण. गुडघे, कंबर, कान आणि डोळे यांच्या हिशोबात मात्र तेच म्हातारे, कारण मेच्या उन्हात खडीवर तीस वर्षे काढणे म्हणजे व्यायाम नव्हे. रेल्वेलाही हे माहीत आहे. २००४ साली चालक आणि गँगमन यांच्यासाठी ५० ते ५७ या वयात स्वेच्छानिवृत्ती आणि पात्र मुलाला नोकरी अशी योजना निघाली होती. नोकरी वारशाने देण्यावर न्यायालयाने आक्षेप घेतल्यावर ती बंद झाली. आक्षेप योग्यच होता, परंतु गँगमनचे पंचावन्न आणि ऑफिसातले पंचावन्न सारखे नाहीत, हे योजनेच्या मुळाशी असलेले सत्य तिच्याबरोबर बंद झालेले नाही.

‘व्यायाम करत नाही म्हणून म्हातारा झाला’ असे दुसऱ्याला बोलण्याआधी पुण्याचे एक काम माहीत असावे. के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला आहे. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ बारीक, पण कमी पडलेले होते ते स्नायू. कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच. बारीक तरी चरबीदार. २००४ साली त्यांनी आपला आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो लॅन्सेटमध्ये छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक नेमका २२.३, पण अंगातली चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे घड्याळाची किल्ली आईच्या पोटात असतानाच, आईच्या ताटावरून फिरवलेली असते. ‘मी बारीक आहे, मला काय होणार’ असे म्हणणाऱ्या माझ्या मराठी मित्रांनी हा फोटो मनात ठेवावा. तंजावरचा पांढरा भात, दिवसाला चार फिल्टर कॉफ्या आणि बढती मिळून लाइनवरून खुर्चीत आलेला माणूस, हे आमच्या कॉलनीतले नेहमीचे चित्र आहे. माझा एक बॅचमेट असाच बारीक होता. तो सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याच्या निवृत्तीची तारीख आम्हा सगळ्यांना पाठ होती, कारण ज्येष्ठतेच्या यादीत तो आमच्या वर होता.

इतके ऐकून कोणी खचू नये, म्हणून एक प्रयोग सांगतो. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहायला लावले. त्यांची दमश्वास टिकवण्याची शक्ती किती उतरली हे मोजले. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा बोलावले, आता पन्नाशीचे, वजन वाढलेले. तीस वर्षांत त्यांची शक्ती जेवढी कमी झाली होती, त्याहून जास्त ती विशीत त्या तीन आठवड्यांत कमी झाली होती! मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत चालणे, धावणे, सायकल असा सराव दिला. शेवटी आठवड्याला साडेचार तासांच्या आसपास. पाचही जणांची शक्ती त्यांच्या विशीतल्या मूळ पातळीवर आली. पाचच माणसे, हे कबूल. आणि केस काळे झाले नाहीत, वजनही फारसे उतरले नाही. पण पन्नाशीत एवढा भाग दुरुस्त होतो हे मला दिलासा देणारे वाटते. २०१० साली पेरांबूरच्या वर्कशॉपने १८५५ सालचे वाफेचे इंजिन पुन्हा चालते केले. आपले वय तर त्याच्या निम्मेही नाही.

शेवटी काम. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि कमरेचे माप, एवढे आकडे चाळिशीनंतर दर वर्षी एका वहीत लिहून ठेवावेत. एक आकडा एकटा फार बोलत नाही. पाच वर्षांचे आकडे ओळीने लिहिले की वेग दिसतो. महिलांनीही हे करायचे आहे, त्यांना पीएमई नाही म्हणून कोणी बोलावत नाही. आणि एक बिनपैशाची तपासणी: हातांची घडी छातीवर ठेवून तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता-बसता येते ते मोजायचे. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषांना साधारण १४ ते १९ वेळा जमते, स्त्रियांना १२ ते १७.

आरतीला अजून वीस मिनिटे आहेत आणि खुर्च्या इथे आहेतच. पुढच्या दोन रांगा जरा मागे घ्या. छातीचा किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी यात भाग घेऊ नये, त्यांनी घड्याळ धरावे. उद्या सकाळी सात वाजता मंडपात साखर आणि रक्तदाब तपासणार आहोत, उपाशीपोटी यावे. मोदक आणि कोळुकट्टै तपासणीनंतर मिळतील.

गणपती बाप्पा मोरया!