गस्त रानातली आणि वहीतली



तिरोडा तालुक्यातला बोदलकसा तलाव 1917च्या सुमाराचा. थंडीत आपण तिथे पक्षी बघायला जातो आणि अंधार पडायच्या आत घरी येतो. तिथून जवळच्या नागझिऱ्याच्या रानात मात्र वनरक्षकाचं काम बारमाही चालतं. जाळरेषा काढायच्या, पाणवठ्यांवर लक्ष ठेवायचं, मोहफुलांच्या दिवसांत वणव्याला जपायचं. त्याच्या डोक्यावर साहेब उभा नसतो. गस्त खरंच झाली की नुसती वहीत झाली, हे बऱ्याचदा त्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून या नोकरीत माणसाचं मन कामात आहे की नाही, यावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं.

वनरक्षक भरतीत चार तासांत पुरुषांना 25 आणि महिलांना 16 किलोमीटर चालून दाखवावं लागतं. पायांची परीक्षा पुरेपूर होते. रानात एकट्याने राहणं मानवेल का, हे कोण विचारतं? नोकऱ्यांच्या दुष्काळात तरुण मिळेल ती जागा धरतो, त्याला दोष देता येत नाही. नक्षलग्रस्त भागात एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी मिळते, ती मिळायलाच हवी. पण पगार माणसाला इथे टिकवतो. पहाटे पाणवठ्यावर नेतो ती आवड.

सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनखात्यात अधिकारी म्हणून नवेगावबांधला होते. हुद्दा मोठा, तरी तिथल्या माधवराव पाटलांकडून ते जंगल शिकले. पक्ष्यांची, झाडांची लोकांच्या तोंडची नावं त्यांनी आयुष्यभर टिपली. खात्याच्या कोणत्या नियमात हे काम लिहिलेलं होतं? 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. हाच माणूस एखाद्या लाकूड आगारात हिशेब लिहीत बसला असता, तर खात्याला एक प्रामाणिक कारकून मिळाला असता, एवढंच.

आवड असली की झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. 8 एप्रिल 2021 रोजी नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी मजुरांचा जीव गेला. नोकरी कायम नसलेली ही माणसं आगीपुढे उभी राहिली होती. त्यांच्यासारख्यांना प्रेरणेवर व्याख्यानं देण्याआधी चांगले बूट, पुरेसं पाणी, विमा आणि वेळेवर मजुरी द्या.