आर्नोच्या संगमावर
(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवी समारंभांत केलेलें भाषण)



आमच्या रोमयात्रेविषयीं चार शब्द बोलावेत अशी समितीची आज्ञा झाली आहे. सन २०२५ च्या पवित्र वर्षीं साताऱ्याकडील व सांगली-मिरजेकडील आम्ही चौदा जण मिळून ही यात्रा करून आलों. परंतु संत पेत्राचें मंदिर, तेथील पवित्र द्वार व हुतात्म्यांचीं भुयारें यांचीं वर्णनें आपण पूर्वीं पुष्कळ ऐकलीं आहेत, आणि आमच्याहून चांगल्या वक्त्यांच्या तोंडून ऐकलीं आहेत. म्हणून वाटेंत फ्लॉरेन्स शहरीं आम्हीं जें एक स्मारक पाहिलें, तेवढ्यापुरतेंच बोलण्याची परवानगी मागतों.

फ्लॉरेन्समध्यें आम्हांस एकच दिवस मिळाला होता. तेथें जाणारा प्रवासी महामंदिराचा घुमट पाहतो, मायकेलअँजेलोनें घडविलेला दावीद पाहतो, आणि पुढें जातो. आमचाहि बेत तोच होता. पण सकाळीं न्याहारीच्या वेळीं सांगलीकडील आमचे आजोबा म्हणाले, "तुम्ही खुशाल दावीद पाहा. मी आपल्या राजाला भेटून येतों." तरुण मंडळींत थोडी कुरकुर झाली. एवढ्या दूर येऊन आपलेंच काय पाहावयाचें, असेंहि कोणी बोललें. शेवटीं सहा जण दावीदाच्या दर्शनास गेले व आम्ही आठ जण आजोबांबरोबर निघालों.

हे राजे म्हणजे कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज. शिवछत्रपतींच्या घराण्याच्या सातारा व कोल्हापूर अशा दोन शाखा झाल्या आणि १७३१ सालीं वारणेच्या तहानें त्यांची सरहद्द ठरली, हें आपणांस ठाऊक आहेच. ती वारणा जेथें कृष्णेस मिळते तें हरिपूर तर सांगलीकरांच्या रोजच्या पायाखालचें! सातारची गादी १८४८ सालीं खालसा झाली, कोल्हापूरची राहिली. तिच्यावर १८६६ सालीं दत्तक येऊन बसलेले राजाराम महाराज १८७० सालीं विलायतेस गेले. समुद्र ओलांडणें हेंच पातक मानणारे लोक त्या काळीं थोडे नव्हते. महाराजांनीं इंग्लंडांत व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, पुष्कळ स्थळें पाहिलीं, आणि जें पाहिलें त्याची रोजनिशी लिहिली. ती त्यांच्या पश्चात् १८७२ सालीं कॅप्टन वेस्ट यांनीं छापून प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर त्यांची प्रकृति बिघडली, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजीं फ्लॉरेन्समधील एका हॉटेलांत त्यांनीं देह ठेवला. वय अवघें वीस वर्षांचें.

आतां बरोबरच्या मंडळींपुढें केवढा प्रसंग उभा राहिला असेल पाहा. शहर कॅथलिक, प्रेत जाळण्याची चाल तेथें शतकानुशतकें नव्हती. आणि दिवस तरी कसले! फ्लॉरेन्स तेव्हां इटलीच्या राज्याची राजधानी होतें, आणि दहाच आठवड्यांपूर्वीं, २० सप्टेंबर रोजीं, त्या राज्याच्या सैन्यानें पोप नववे पायस यांच्या हातून रोम घेतलें होतें. अशा धामधुमींत परक्या देशच्या, परक्या धर्माच्या एका मुलाच्या चितेसाठीं कोण वेळ काढणार? पण परवानगी मागितली गेली, आणि ती मिळाली. जागाहि हवी तीच मिळाली. त्यांना संगम हवा होता; शहराच्या पश्चिमेस कास्चिने नांवाच्या मोठ्या बागेच्या अगदीं टोकाला मुन्योने नांवाची लहान नदी आर्नोस मिळते. तेथें रात्रीं चिता रचली. शहरचे लोक तो विधि पाहावयास जमले होते.

आम्ही ट्रामनें बागेच्या तोंडाशीं उतरलों आणि पुढें सुमारें तीन किलोमीटर पायीं चाललों. आजोबा सर्वांच्या पुढें! झाडी संपली आणि छत्री दिसली. खरोखर आपल्याकडची छत्री. खालीं महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, डोक्यास पागोटें, अंगावर दागिने, आणि चौथऱ्यावर चार भाषांत लेख. हें स्मारक १८७४ सालीं उभें राहिलें. त्याची आंखणी मेजर मँट यांची, ज्यांनीं पुढें कोल्हापूरचा नवा राजवाडा आंखला. पुतळा फुलर नामक इंग्रज शिल्पकाराचा. महाराजांचें नांव तेथील साध्या माणसास ठाऊक नसेल, पण "इंडियानो" म्हटलें कीं तो हात करून वाट दाखवितो. शेजारीं १९७८ सालीं पुरा झालेला जो भला मोठा पूल आहे, त्यालाहि तेंच नांव.

सातारकर मंडळीस तेथें माहुली आठवली. कृष्णा-वेण्णेच्या त्या संगमावर थोरल्या शाहू महाराजांची समाधि आहे. इतक्या लांब त्याच घराण्यांतला एक मुलगा दुसऱ्या संगमावर निजला होता. रंगो बापूजींचीहि आठवण निघाली. आपल्या धन्याचें गाऱ्हाणें घेऊन ते लंडनास सुमारें चौदा वर्षें राहिले आणि १८५३ सालीं रिकाम्या हातीं परतले. ते जिवंत परतले, एवढेंच काय तें भाग्य.

आमच्यांतील एका बाईंनीं फादरांस हळूच विचारलें, "यांच्यासाठीं प्रार्थना म्हटली तर चालेल का?" शंका अगदींच अस्थानीं नव्हती. १८८६ सालीं रोमनें कॅथलिकांस दहनाची मनाई केली होती, ती १९६३ पर्यंत सैल झाली नव्हती. जुन्या घरांतून तें अजून मनांत असतें. फादर म्हणाले, "चालेल का, म्हणजे? अहो बाई, इतकें चालत कशासाठीं आलों?" आम्हीं उभ्यानें प्रभूची प्रार्थना म्हटली.

त्यानंतर आजोबा कट्ट्यावर बसले आणि बोलले. त्यांचें बोलणें येथें सांगण्यास त्यांची संमति घेतली आहे. आपला धर्मग्राम स्थापन होण्यापूर्वीं त्यांचे वडील नोकरीच्या निमित्तानें या गांवीं आले. पहिल्याच पावसाळ्यांत त्यांची मोठी बहीण, वर्ष-दीड वर्षाची, तापानें गेली. पुरावयास जागा नव्हती. शेजारच्या शेतकऱ्यानें, जो आपल्या धर्माचा नव्हता, आपल्या बांधाकडेची जागा दाखविली आणि भर पावसांत स्वतः कुदळ धरली. "ती जागा पुढें विहिरींत गेली," आजोबा म्हणाले. "मला दाखवावयास कांहीं उरलें नाहीं. ह्या शहरानें आपल्या पोराला जागा दिली आणि ती अजून जपली आहे, हें एकदां पाहावयाचें होतें."

आम्ही परतलों तेव्हां दावीद पाहिलेली मंडळी स्टेशनावर वाट पाहत होती. आम्हीं त्यांस छायाचित्रें दाखविलीं. त्यांनीं आम्हांस दाखविलीं.

त्याच वर्षीं दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनीं, फादर आपल्या दफनभूमींत नांवें वाचीत होते. एका चिठ्ठीवर "राजाराम, फ्लॉरेन्स" एवढेंच लिहिलेलें होतें. फादरांनीं तेंहि वाचलें. अक्षर आजोबांचें असावें असा आमचा तर्क आहे. ते कबूल करीत नाहींत.