राणीच्या बागेत, जरा सावकाश

शिमगा सरतो, झाडांना कोवळी पालवी फुटते आणि शेतकऱ्याला चार दिवसांची उसंत मिळते. कुणी मुंबईच्या पाहुण्यांकडे जाऊन येतो. आपण विचारतो, "राणीची बाग पाहिलीत का?" तो म्हणतो, "पाहिली की! वाघ पाहिला, पेंग्विन पाहिले, अन् पाचची गाडी गाठली." आज त्याच बागेत मी तुम्हांला नेणार आहे. पण आपल्याला गाडी गाठायची नाही. सावकाश चालू.

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला ही बाग आहे. १८६२ साली ती खुली झाली, तेव्हा तिला व्हिक्टोरिया राणीचं नाव होतं. आता ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. लोकांच्या तोंडी मात्र ‘राणीची बाग’च राहिली.

आधी झाडांकडे बघा. गुरुजी, तुमच्या शाळेच्या कुंपणाशी सरळसोट वाढलेलं, लांब नागमोडी पानांचं झाड असेल. त्याला आपण अशोक म्हणतो; पण तो खोटा अशोक. खरा, सीतेचा अशोक इथं भेटतो. तो पसरट वाढतो आणि वसंतात त्याच्या फांद्यांवर केशरी-तांबड्या फुलांचे घोस लागतात. पुढं कैलासपती आहे. याची फुलं थेट खोडावर येतात, आणि फुलात पाहिलं तर पिंडीवर नागाची फणा धरल्यासारखं दिसतं. नाव ऐकून वाटेल, हे झाड पुराणकाळापासून आपलंच. पण नाही, ते दक्षिण अमेरिकेतून आलं. पाहुणा रुळला, आणि आपण त्याला घरचं नाव दिलं!

आता वस्तुसंग्रहालयाकडे वळू. बाहेरच एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना तो खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. पण ते तुकडे कुणी समुद्रात लोटून दिले नाहीत. ते राखले गेले, म्हणूनच १९१४ साली ते सांधून हत्ती पुन्हा उभा करता आला.

आत चला. ही वास्तू २ मे १८७२ रोजी लोकांसाठी उघडली. तिच्यासाठी ज्यांनी वर्गणी गोळा केली, त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड पुढं होते. भाऊ दाजी गोव्यातल्या मांद्रे गावचे. १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले ते डॉक्टर. रोगी तपासायचे, आणि अजिंठ्यासारख्या लेण्यांतले जुने शिलालेखही वाचायचे. १९७५ पासून संग्रहालयाला त्यांचंच नाव आहे. मध्यंतरी इमारतीची पार दुर्दशा झाली होती. दुरुस्ती होऊन २००८ साली ती पुन्हा उघडली.

इथल्या कपाटांपुढं मात्र थांबा. मातीच्या लहान मूर्ती दिसतील. कुणी कारागीर, कुणी वाजवणारा, कुणी खेळ मांडून बसलेला. त्यांची पागोटी बघा, बसण्याची ढब बघा. दीडशे वर्षांपूर्वीचं जग तिथं नीट बसलेलं आहे.

आणि इथंच माझ्या मनात एक विचार येतो. हा कारागीर काचेआड गेला. पण तुमच्या गावात अजून कुणी चाक फिरवत असेल, कुणी घोंगडी विणत असेल. त्याच्या हत्यारांची नावं तुमच्या वर्गातल्या किती मुलांना सांगता येतील? त्या माणसाबरोबर ती नावंही जातील, आणि मग ती शोधायला कुठलं संग्रहालय पुरे पडणार?

म्हणून शिक्षकबंधुभगिनींनो, मुलांना मुंबईला आणाल, तेव्हा बुधवार टाळा. त्या दिवशी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात. चारच वस्तू दाखवा, पण नीट दाखवा. आणि गावी परत गेलात, की शाळेतलं एक कपाट रिकामं करा. तुटका पाट्याचा दगड, जुनं माप, आजीची सुपली, जे मिळेल ते ठेवा. प्रत्येक वस्तूखाली तिचं नाव लिहा, आणि ती वापरणाऱ्या माणसाचंही नाव लिहा. तुकडे जपले, तर हत्ती पुन्हा उभा राहतो. ते आपण आत्ताच पाहिलं, नाही का?