चित्रकाराची चाळ कोणाच्या मालकीची?

(विंचूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक विंचूरमध्ये येतो आणि कांद्याच्या भावाविषयी बोलण्याऐवजी चित्रकारांच्या निवासी योजनांविषयी बोलू लागतो, याला काय म्हणावे? तेव्हा आरंभ कांद्यापासूनच करतो.

उन्हाळ कांदा चैत्र-वैशाखात निघतो. ज्याच्याकडे चाळ आहे तो कांदा चाळीत भरतो आणि चार-पाच महिने भावाची वाट पाहू शकतो. ज्याच्याकडे चाळ नाही त्याला ट्रॅक्टर भरून लासलगाव गाठावे लागते, नाहीतर आपल्या येथील उपबाजारात उभे राहावे लागते, आणि त्या दिवशी लिलावात जी बोली होईल ती मुकाट्याने पदरात घ्यावी लागते. दोघांचे वाण एक, माती एक, कष्ट सारखे. फरक आहे तो थांबण्याच्या शक्तीचा. सौदाशक्ती म्हणून ज्या गोष्टीची आम्ही वर्गात तासन्‌तास चर्चा करीत असू, तिचे मूळ बहुतेक वेळा या थांबण्याच्या शक्तीतच असते.

चित्र काढणाऱ्या माणसाचा माल म्हणजे त्याचे दिवस. हे दिवस त्याला रोजच्या रोज विकावे लागतात. कोणी दुकानांच्या पाट्या रंगवीत असे. फ्लेक्सचा छापील फलक आला आणि तो धंदा बसला. कोणी शाळेत तासांच्या हिशेबाने चित्रकला शिकवतो, कोणी गणपतीच्या कारखान्यात हंगामापुरता डोळे रेखतो. निवडणुकीच्या दिवसांत आपल्या पक्षाच्या भिंतीही याच माणसाने रंगवल्या आहेत, आणि पुष्कळदा उधारीवर, हेही येथे नमूद केले पाहिजे. अशा माणसाचा हात कितीही तयार असो, सलग तीन महिने एका कामापाशी बसण्याची चैन त्याला परवडत नाही. मनातले मोठे चित्र लाल कांद्याप्रमाणे टिकत नाही. वेळीच कागदावर आले नाही तर नासून जाते.

ज्याला हल्ली ‘रेसिडेन्सी’ म्हणतात, ती या माणसाची चाळ होय. काही आठवडे वा महिने त्याला राहायला जागा, जेवण, कागद-रंग आणि हातखर्च मिळतो. त्या काळात त्याने आपले काम करावे, एवढीच अपेक्षा असते. कल्पना चांगली आहे. परंतु शेतकऱ्याने व्यापाऱ्याच्या चाळीत कांदा ठेवला तर वाढलेल्या भावाचा फायदा कोणाच्या खिशात जातो, हे आपण जाणता. तोच प्रश्न मला येथे विचारावयाचा आहे: ही चाळ कोणाच्या मालकीची?

विंचूरवरून जाणारा रस्ता पुढे छत्रपती संभाजीनगरला जातो आणि तेथून अजिंठा फार दूर नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जात. पुढे नामवंत झालेले पेस्तनजी बमनजी त्या विद्यार्थ्यांत होते. डोंगरात मुक्काम करायचा, अंधाऱ्या लेण्यांत उभे राहून भित्तिचित्रांच्या हुबेहूब प्रतिकृती करायच्या; सरकारी खर्चाने चाललेले हे काम १८८५ पर्यंत पुरले. आपल्या भागातील, चित्र काढणाऱ्यांसाठीची ही पहिली मोठी निवासी योजना म्हणायला हरकत नाही. शिक्षण म्हणून तिचे मोल मोठेच होते. एक संपूर्ण पिढी ती रेषा हातात घेऊन परत आली. परंतु प्रतिकृतींची मालकी सरकारची. त्या लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या आणि १८८५ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्यांतील पुष्कळशा जळाल्या. त्यापूर्वी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रतिकृतीही लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली जळाल्या होत्या. वसाहतीच्या कच्च्या मालाचा जो प्रवास दादाभाईंनी सांगितला, त्याच वाटेने रेषाही गेली.

स्वातंत्र्यानंतरचे उदाहरण मुंबईचे. वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई यांच्या बंगल्यात त्यांच्या नावाने एक संस्था उभी राहिली. मधुरी देसाई आणि डाव्या चळवळीत वावरलेले सोली बाटलीवाला यांनी ती चालवली. चित्रकारांना तेथे काम करायला खोल्या मिळत, भाडे दिवसाला एक रुपया. गायतोंडे, हुसेन तेथे काम करीत. नसरीन मोहमदी यांचीही तेथे खोली होती, आणि रेषेवर त्यांच्याइतकी एकाग्र निष्ठा असलेली चित्रकार आपल्याकडे विरळाच. त्याच आवारात अल्काझींचे नाटक आणि रविशंकरांचे संगीतही चाले. स्पर्धा नाही, परीक्षक नाहीत, काम संपल्यावर अहवाल द्यायचा नाही. उत्तम चाळ! परंतु ती दोन-चार व्यक्तींच्या उदारपणावर उभी होती. व्यक्ती गेल्या आणि चाळही उठली. उदारपणा हा कायद्याचा पर्याय होऊ शकत नाही.

याच्या उलट, मद्रासजवळ १९६६ मध्ये वसलेले चोळमंडल. के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बाटिकचे कापड व हस्तकलेच्या वस्तू विकून पैसे उभे केले, समुद्रकाठी जमीन घेतली आणि स्वतःची वसाहत केली. दिवसाचा काही भाग पोटासाठी, उरलेला चित्रासाठी. चाळ स्वतःची असल्यामुळे ती अजून उभी आहे. सहकाराचे गोडवे गाणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात साखरेचे, दुधाचे, सुताचे सहकार झाले. चित्रकारांचा असा एक झाला नाही, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

आता मी ज्या माणसाविषयी बोलणार आहे त्याचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल: भास्कर कुलकर्णी. जे. जे. मध्ये शिकलेला हा चित्रकार. १९६६-६७ मध्ये बिहारात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा पुपुल जयकर यांनी त्यांना मधुबनीस पाठवले. तेथील स्त्रिया लग्नाच्या वेळी घराच्या भिंतींवर जी चित्रे काढत, ती त्यांनी कागदावर काढावीत आणि त्यातून त्यांना चार पैसे मिळावेत, अशी योजना होती. दुष्काळी काम म्हणून खडी फोडायची, त्याऐवजी चित्र काढायचे! पुढे सत्तरीच्या दशकाच्या आरंभी हेच भास्कर कुलकर्णी डहाणूच्या वारली पाड्यांत राहिले. आपण ज्याला निवासी योजना म्हणतो तिची ही उलटी बाजू: शहरातला चित्रकार आदिवासींच्या घरी निवासी. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे त्यांना तेथे भेटले. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड दालनात मशे यांची चित्रे लागली, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले.

या यशोगाथेतील एक गोष्ट मला सतत टोचते. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. ही स्त्रियांची कला. ती भिंतीवरून कागदावर आली, कागदाला किंमत आली, मुंबईचे आणि परदेशाचे बोलावणे आले, आणि जाणारे बहुतांशी पुरुष होते. यात मशे यांचा दोष नाही. घर, मूल, चूल सोडून दोन महिने दुसरीकडे राहण्याची मुभा ज्याला आहे, त्यालाच निवासी योजना निवडते. अर्जात स्त्री-पुरुष समानता लिहिलेली असते. चुलीचे काय करायचे ते लिहिलेले नसते.

परदेशाच्या बोलावण्याचे दुसरे, फार कटू उदाहरण आहे. मध्य प्रदेशातील पाटणगढचा गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम. जे. स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने तो भोपाळच्या भारत भवनात आला आणि त्याच्या हाताने एका संपूर्ण जमातीच्या चित्रकलेला नवी वाट मिळाली. जपानमधील निइगाता प्रांतातील मिथिला संग्रहालयात निवासी चित्रकार म्हणून राहत असताना जुलै २००१ मध्ये त्याने आत्महत्या केली. वय चाळिशीच्या आत-बाहेर. त्याच संग्रहालयात मिथिलेच्या आणि वारली चित्रकारांनी मोठी कामे केली आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. आणि आत्महत्येचे कारण बाहेरच्या माणसाने ठरवू नये, हेही. परंतु त्या मृत्यूनंतर आपल्या देशातील चित्रकारांनी त्याच्या मानधनाविषयी आणि लांबत गेलेल्या मुक्कामाविषयी जे जाहीर प्रश्न विचारले, ते कोणत्याही स्थलांतरित मजुराच्या बाबतीत आपण विचारतो तेच आहेत. मजुरी किती, करार कोणत्या भाषेत, परतीचे तिकीट कोणाच्या हातात? ऊसतोड कामगाराच्या बाबतीत हे प्रश्न आपल्याला आपोआप सुचतात. चित्रकार म्हटला की आपण टाळ्या वाजवून मोकळे होतो.

“पोटाला नाही तेथे चित्रे कसली?” असा आक्षेप कार्यकर्ते घेतात. त्यांना मी १९३५ सालच्या अमेरिकेत नेतो. मंदीत लाखो लोक बेकार होते. रूझवेल्ट सरकारने त्यांना कामे दिली: रस्ते, धरणे, आणि चित्रेसुद्धा. चित्रकारही बेकार कामगारच, म्हणून त्याला आठवड्याला सुमारे २३.६० डॉलर मजुरी. ही योजना १९४३ पर्यंत चालली. तिच्यातील एक काम मला विशेष मोलाचे वाटते. शेकडो चित्रकारांनी देशभर सामान्य माणसांच्या वापरातील वस्तू, खेळणी, गोधड्या, अवजारे, भांडी पाहून त्यांची हुबेहूब रेखाटने केली. सुमारे अठरा हजार रेखाटने आज तेथील राष्ट्रीय संग्रहात आहेत. अगदी अलीकडे, २०२२ मध्ये, आयर्लंडच्या सरकारने दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरोचे मूळ उत्पन्न देण्याचा प्रयोग सुरू केला, आणि पात्र अर्जदारांतून निवड केली ती सोडत काढून. म्हणजे वशिला संपला आणि परीक्षकाची मर्जीही संपली! रोजगार हमीचा कायदा देशात सर्वप्रथम ज्या राज्याने केला, त्या राज्याला यातले काहीच अपरिचित वाटू नये.

कायद्याची एक बारीक गोष्ट येथेच सांगतो, कारण तिच्याकडे कोणी पाहत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे १७ वे कलम असे आहे, की मोबदला देऊन कोणी चित्र काढवून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला हक्कदार मोबदला देणारा. म्हणजे लेखी करार नसेल तर ‘तुम्हाला मानधन दिले ना?’ असे म्हणून चित्राचे हक्कही हातचे जाण्याचा धोका राहतो. मग ते चित्र साडीवर छापा, कपावर छापा. कराराचा कागद हा रंगाच्या डबीइतकाच आवश्यक आहे.

आता आपल्या गावाचे. तीन चित्रकार, तीन महिने, विंचूरमध्ये. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर दिवसाला २९७ रुपये होता. चित्रकाराची मजुरी याहून कमी तर असू नये. ९० दिवसांचे २६,७३० रुपये, तिघांचे ८०,१९० रुपये. जेवण, कागद, रंग वेगळे. बाजार समितीची एका मोसमातील उलाढाल डोळ्यांपुढे आणा आणि मग हा आकडा पाहा. जागेसाठी एखादी रिकामी खोली पुरेल. तिघांपैकी दोन स्त्रिया असाव्यात. मूल बरोबर आणायची मुभा असावी, आणि जिला रात्री घरी परतायचे असेल तिला दिवसापुरतीच निवासी राहू द्यावे. त्यांनी काय काढावे हे आपण सांगू नये. सुचवायचेच तर येवल्याचा पैठणीचा माग आहे, कांदा निवडणाऱ्या बायकांची ओळ आहे, वापरातून जात चाललेली शेतीची अवजारे आहेत. मूळ चित्रे त्यांची, हक्क त्यांचे. गावाच्या वाचनालयाला छापील प्रतींचा एक संच मिळावा.

वाईन पार्कातील एखाद्या कारखानदाराने पैसे देऊ केले तर घ्यावेत काय, असे एका मित्राने सकाळी विचारले. घ्यावेत, पण ते ग्रामनिधीत यावेत आणि बाटलीवर चित्र छापायचे असेल तर चित्रकाराशी वेगळा लेखी सौदा व्हावा.

ग्रामसभेपुढे मांडायच्या ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. त्यात मुदत, जागा, निवडीची सोडत आणि हक्कांचे कलम भरलेले आहे. मजुरीचा रकाना मात्र कोरा ठेवला आहे. २९७ हा तळाचा आकडा झाला. त्यावर किती, ते विंचूर, लासलगाव आणि येवल्यात चित्र काढून पोट भरणाऱ्या आठ-दहा जणांना पुढच्या बैठकीस बोलावून, त्यांच्या तोंडून ऐकून भरावयाचे आहे.