मायासृष्टींतील वेषभूषा



भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं आहार्य म्हणजे वेष, अलंकार आणि रंगभूषा यांच्या द्वारें होणारा अभिनय. नट रंगभूमीवर येतो, त्याच्या तोंडून अजून अक्षरहि निघालेलें नसतें, तोंच प्रेक्षक ओळखतात, कीं हा राजा, हा विदूषक, हा तपस्वी. हें काम वेषाचें. आज हाच आहार्य अभिनय एका अगदीं नव्या रंगभूमीवर चालू आहे. ही रंगभूमि म्हणजे इंटरनेटवरील ते अद्भुतरम्य खेळ, ज्यांत हजारों माणसें एकाच वेळीं एकाच काल्पनिक जगांत सोंगें घेऊन वावरतात. शहरांतील पुष्कळ घरांत रात्रींचीं जेवणें आटोपलीं, कीं घरांतील एखादा मुलगा, एखादी मुलगी, किंवा नोकरीधंद्यांतील प्रौढ माणूसहि संगणकासमोर बसून त्या जगांत प्रवेश करतो. तासाभरानें तो उठला, कीं घरचीं माणसें विचारतात, "आज काय जिंकलें?" उत्तर येतें, "कांहीं नाहीं. नुसते कपडे बदलले." या उत्तराचें घरच्यांना हसूं येतें, क्वचित् रागहि येतो. परंतु त्या कपडे बदलण्यांत कांहीं अर्थ आहे काय, हें पाहिल्यावांचून हसणें किंवा रागावणें योग्य होणार नाहीं.

प्रथम हा खेळ काय आहे तें थोडक्यांत पाहूं. खेळणारा आरंभीं आपलें एक पात्र निर्माण करतो. त्याचें नांव, वंश, चेहरा आणि व्यवसाय तो स्वतः ठरवितो. कोणी चिलखतधारी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी धनुर्धर, कोणी जखमा बऱ्या करणारा वैद्य. मग त्या पात्राच्या रूपानें तो प्रवास करतो, राक्षसांशीं लढतो, सोबती जोडतो, व्यापारहि करतो. या खेळांचें एक मूळ इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठांत सांपडतें. तेथें रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनीं १९७८ च्या सुमारास असें एक जग रचलें. त्यांत चित्र एकहि नव्हतें. गुहा, अरण्य, शस्त्रें, सारें कांहीं अक्षरांत लिहिलेलें. वेष काय तो वाचणाऱ्याच्या कल्पनेंत. पुढें १९९७ सालीं अमेरिकेंत 'अल्टिमा ऑनलाइन' हा सचित्र खेळ निघाला. त्यांत कपडे रंगविण्यासाठीं रंगाचीं पिंपें होतीं, आणि अंगावर पायघोळ झगा चढवून आंतील चिलखत झांकतां येत असे. म्हणजे पात्र डोळ्यांना दिसूं लागलें, त्याबरोबरच तें कसें दिसावें ही इच्छाहि उत्पन्न झाली.

या इच्छेला खरी अडचण आली ती पुढच्या काळांत. ब्लिझर्ड कंपनीचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा प्रसिद्ध खेळ नोव्हेंबर २००४ मध्यें सुरू झाला. त्यांतील प्रत्येक वस्त्राला दोन गुण होते. एक त्याचें रूप आणि दुसरा त्याचें बळ. एखादें शिरस्त्राण चढविलें, कीं पात्राची शक्ति किंवा बुद्धि अमुक अंकांनीं वाढे. अधिक अंकांचें शिरस्त्राण हातीं आलें, कीं तें डोळ्यांना आवडो वा न आवडो, चढवावेंच लागे; नाहीं तर पुढच्या राक्षसापुढें निभाव लागत नसे. हे कपडे एका ठिकाणीं मिळत नसत. एक गुहेंत, दुसरा बाजारांत, तिसरा कोणाचें काम केल्याबद्दल बक्षीस म्हणून. त्यामुळें अंगांत एका रंगाचें चिलखत, पायांत दुसऱ्याच रंगाची विजार आणि खांद्यांवर तिसऱ्याच धाटणीचीं कवचें, असें विचित्र ध्यान तयार होई. २००७ सालीं या खेळाचा पहिला मोठा विस्तार निघाला, तेव्हां तर हा प्रकार इतका वाढला, कीं खेळणारे आपण होऊनच त्या वेषाला विदूषकाचा पोशाख म्हणूं लागले. मनांत धीरोदात्त वीर, आणि पडद्यावर सर्कशींतला सोंगाड्या! अशा वेळीं कथेंत मन कसें रमावें?

नखशिखान्त जुळणारा पोशाख या खेळांत मुळींच नव्हता असें नाहीं; परंतु तो फार थोड्यांच्या नशिबीं येई. आरंभींच्या काळांत चाळीस चाळीस जणांची तुकडी जमवून, अनेक आठवडे झुंजून, तो एकेक तुकडा करून मिळवावा लागे. असा पूर्ण पोशाख केलेला वीर आयर्नफोर्ज नांवाच्या नगरीच्या चौकांत उभा राहिला, कीं येणारे जाणारे थांबून त्याच्याकडे बघत. तो वेष म्हणजे पराक्रमाचें प्रशस्तिपत्रच होतें.

या अडचणीवर एक सोपा उपाय निघाला, तो म्हणजे रूप आणि बळ यांची फारकत. टोल्किनच्या कथासृष्टीवर आधारलेल्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन' या खेळांत २००८ सालीं शोभेच्या पोशाखासाठीं स्वतंत्र कप्पे देण्यांत आले. लढाईचें चिलखत खालीं असे, आणि दिसे तो मात्र खेळणाऱ्यानें निवडलेला वेष. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्यें ही सोय २९ नोव्हेंबर २०११ रोजीं आली. तिला आरंभीं कडक मर्यादा होत्या. जो वेष दाखवावयाचा तो आधीं स्वतः मिळविलेला असला पाहिजे. सुती झगा घालणाऱ्या मांत्रिकाला लोखंडी चिलखताचें रूप घेतां येणार नाहीं. आणि अतिदुर्मिळ शस्त्रांचें रूप तर दुसऱ्या शस्त्राला देतांच येणार नाहीं. 'गिल्ड वॉर्स २' या खेळानें २०१२ मध्यें, आणि जपानमधील 'फायनल फँटसी १४' या खेळानें मार्च २०१४ मध्यें अशीच सोय केली. या जपानी खेळांतील मंडळी तर थट्टेनें म्हणतात, कीं राक्षस मारणें हें निमित्त. शेवटचा खरा खेळ म्हणजे वेषभूषा.

या सोयीचा एक अनपेक्षित परिणाम पाहण्यासारखा आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधील ज्या जुन्या गुहा आणि किल्ले ओस पडले होते, तेथें माणसें पुन्हां जाऊं लागलीं. तेथील वस्त्रांचें बळ कधींच कालबाह्य झालें होतें. परंतु त्यांचें रूप सुंदर होतें. त्या रूपासाठीं लोकांनीं जुनी भूमि पुन्हां पायांखालीं घातली.

तथापि आक्षेपहि आले, आणि ते पोकळ नव्हते. पूर्वी वेष पाहून समोरच्या वीराची योग्यता कळे. आतां कोणीहि कसाहि दिसूं शकतो. मग वेष खरें बोलतो यावर विश्वास कसा ठेवावा? या आक्षेपाला उत्तर आहे, आणि तें 'रूनस्केप' नांवाच्या इंग्रजी खेळांत सांपडतें. २००१ सालच्या नाताळांत त्या खेळांत कागदी टोप्या वांटण्यांत आल्या. आपल्याकडे लहान मुलांच्या वाढदिवसाला घालतात तशाच त्या टोप्या. त्यांत बळ शून्य, संरक्षण शून्य. परंतु त्या पुन्हां निर्माण करण्यांत आल्या नाहींत, आणि पुढें त्या खेळांतील अत्यंत महागड्या वस्तूंमध्यें त्यांची गणना होऊं लागली. म्हणजे वेषाला मोल येतें तें केवळ बळामुळें नव्हे. त्याच्या मागें कांहीं हकीकत असावी लागते. हा वेष कोठून आला, कसा मिळाला, कोणत्या दिवसाची तो आठवण आहे, हें सांगतां आलें, कीं कागदाची टोपीहि मुगुट होते.

वेषाचा परिणाम केवळ पाहणाऱ्यावर होतो असेंहि नाहीं. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनीं २००७ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांना आभासी जगांत उंच देह देण्यांत आला, ते पैशाच्या वांटणींत अधिक ठामपणें अडून बसले. ज्यांना देखणें रूप मिळालें, ते परक्या माणसाच्या अधिक जवळ जाऊन उभे राहिले आणि स्वतःविषयीं अधिक मोकळेपणानें बोलले. रूप धारण केलें, कीं वृत्तीहि थोडी त्या रूपासारखी होते. ज्याचा शब्द शाळेंत कधीं कोणाच्या कानीं पडत नाहीं, तो मुलगा वैद्याचा पांढरा झगा घालून जखमी सोबत्यांमधून फिरतो, तेव्हां त्याच्या मनावर त्या झग्याचा संस्कार कांहींच होत नसेल असें म्हणवत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. कोलरिज या इंग्रज कवीनें १८१७ सालीं असा विचार मांडला, कीं काव्य वाचतांना वाचक आपला अविश्वास आपखुषीनें बाजूला ठेवतो. टोल्किननें १९३९ सालच्या आपल्या व्याख्यानांत याच्या पुढें पाऊल टाकलें. त्याचें म्हणणें असें, कीं उत्तम कथाकार एक दुसरें जगच रचतो, आणि आपण आंत असेंपर्यंत त्या जगाच्या नियमांप्रमाणें तें खरेंच असतें. एकदां अविश्वास उत्पन्न झाला, कीं मोहिनी उतरली. पुस्तकांत हें जग राखणारा लेखक एकटा असतो. नाटकांतहि वेष कोणता हें नाटकमंडळी ठरविते. परंतु या खेळांत प्रत्येक जण नटहि आहे आणि प्रेक्षकहि आहे. एकाचा वेष हा दुसऱ्याच्या डोळ्यांपुढील देखावा असतो. म्हणून येथें समरसता ही एकट्याची मिळकत नाहीं. ती सामाईक विहिरीसारखी आहे. तिचें पाणी सर्वांनीं राखलें तरच सर्वांना मिळतें.

समजा, युद्धांत पडलेल्या एका पात्राला निरोप देण्यासाठीं वीस मंडळी काळे पायघोळ वेष करून देवळासमोर जमलीं आहेत, आणि एकविसावा तेथें पोहण्याचा पोशाख घालून नाचूं लागला. त्यानें कोणाचें कांहीं चोरलें नाहीं, कोणता नियमहि मोडला नाहीं. तरी विसांची संध्याकाळ त्यानें नासविली. उलट उदाहरणहि आहे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन'मध्यें पात्रांना वाद्यें प्रत्यक्ष वाजवितां येतात. २००९ सालापासून तेथें वेदरटॉप नांवाच्या टेकडीवर खेळणाऱ्यांनींच 'वेदरस्टॉक' नांवाचा संगीतोत्सव सुरू केला. खेळणाऱ्यांचीं वाद्यपथकें तेथें हजेरी लावतात. पथकांतील सर्वांनीं एका रंगाचे पोशाख केले, कीं वाजवणारे कोण, ऐकणारे कोण, हें दुरूनहि कळतें. त्या पोशाखानें एकाहि राक्षसाचा केंस वांकडा होत नाहीं. पण टेकडीचें रंगमंदिर होतें.

हें सामाईक पाणी सर्वांत अधिक गढूळ होतें तें पैशामुळें. ब्लिझर्ड कंपनीनें एप्रिल २०१० मध्यें ताऱ्यांनीं चमकणारा एक घोडा पंचवीस डॉलरांना विकावयास काढला, तेव्हां तो घेण्यासाठीं एक लाखाहून अधिक माणसांची रांग लागली होती. त्यानंतर शोभेचे पोशाख विकणें हा या धंद्याचा एक आधारच झाला. बळ विकलें तर गरीब खेळणाऱ्यावर अन्याय होतो, शोभा विकली तर होत नाहीं, असें याचें समर्थन करतात. त्यांत तथ्य आहे. परंतु कांहीं खेळांत वेष सरळ न विकतां बंद पेटींत घालून विकतात, आणि पेटींत काय निघेल तें दैवाधीन असतें. बेल्जियम देशाच्या जुगारविषयक आयोगानें २०१८ सालीं पैसे देऊन घ्यावयाच्या अशा पेट्या हा जुगारच होय असा निर्णय दिला.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकांत, १९११ सालीं, लक्ष्मीधर आणि धैर्यधर हे दोघे समोरासमोर उभे राहिले. एकाच्या अंगावर श्रीमंतीचे दागिने, तर दुसऱ्याच्या जवळ पराक्रम आणि साधा वेष. हा सामना या मायासृष्टींत रोज होत असतो. चौकांतील झगमगता वीर धैर्यधर आहे कीं लक्ष्मीधर, हें वरवर पाहून सांगतां येत नाहीं. म्हणून वेषाला दोष देऊं नये, आणि वेषावर भुलूंहि नये.

तेव्हां घरांतील मुलगा तासभर कपडे बदलीत बसला, तर वडीलमंडळींनीं त्याला आधीं दोन प्रश्न विचारावे. पहिला, हा वेष तुला कसा मिळाला? आणि दुसरा, तुझें पात्र असा वेष कां करतें? पहिल्याचें उत्तर नुसता दुकानांतील भाव असेल, किंवा बंद पेटी असेल, तर पैशासंबंधीं चार शब्द स्पष्टपणें बोलण्याची वेळ आली आहे असें समजावें. परंतु तो जर सांगूं लागला, कीं हा झगा अमक्या गुहेंतला, सोबत तमके मित्र होते, आणि माझा वैद्य डोंगरापलीकडच्या गांवचा असल्यामुळें त्याला निळा रंग शोभतो, तर तेथें आहार्य अभिनय चालला आहे असें खुशाल मानावें. अशा वेळीं शेजारीं खुर्ची ओढून थोडा वेळ बसावें, आणि त्या वैद्याची पुढची हकीकत ऐकावी.