खिडकीतली रंगीत वेल



आज आपण एका वेलीविषयी बोलू. तिला मनीप्लांट म्हणतात. मनी म्हणजे पैसा. तिच्या हिरव्या पानांवर पिवळे पट्टे असतात. नगर शहरात बघा, नाहीतर पाथर्डीत बघा. खिडकीत बाटली आणि बाटलीत ही वेल, असे पुष्कळ घरांत दिसते. ही वेल मूळची इथली नव्हे. प्रशांत महासागरात मूरिया नावाचे बेट आहे, तिथली ती.

लोक म्हणतात, वेल वाढली की पैसा वाढतो. पैसा कष्टाने येतो, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे? मग वेल लावू नये काय? जरूर लावावी. वैशाखात बाहेर सगळे करपलेले असते, तेव्हा घरात चार हिरवी पाने बरी वाटतात. पण ती नीट सांभाळावी.

लावताना पेर असलेला तुकडा घ्यावा. मुळे पेरातूनच फुटतात. पाने पाण्यात बुडू देऊ नयेत, ती कुजतात. जागा उजेडाची हवी, कडक उन्हाची नको. पिवळ्या पट्ट्यात हरितद्रव्य फार थोडे असते. अंधारात वेलीचे पोट भरत नाही. मग नवी पाने हिरवीच येतात आणि रंग जातो.

आता मुख्य गोष्ट ऐका. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही. त्याला घरातले साठलेले, स्वच्छ पाणी लागते. वेलीची बाटली त्याला आयतीच सापडते! उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. हा डास दिवसा चावतो. डेंग्यूने माणूस दगावूही शकतो.

म्हणून दर आठवड्याला पाणी बदलावे. नुसते ओतून भागत नाही, बरं का! डासाची अंडी बाटलीला आतून चिकटतात. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. पुन्हा पाणी मिळाले की त्यांतून अळ्या निघतात. तेव्हा बाटली आतून काथ्याने घासावी. हात आत जाईल अशी रुंद तोंडाची बरणी घेतली तर सोपे पडते. वेलीची मुळेही धुवावीत.

याहून चांगला उपाय म्हणजे मातीची कुंडी. कुंडीखालच्या ताटलीत मात्र पाणी साचू देऊ नये. मातीत बोट खुपसावे. ओल लागली तर पाणी घालू नये. फार पाण्याने मुळे सडतात.

आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. इथे पाणी जपून वापरावे लागते. आपल्याच जिल्ह्यातले हिवरे बाजार हे गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. घरातही तसाच हिशेब ठेवावा. भाजी धुतलेले पाणी वेलीला चालते. साबणाचे घालू नये. बाटलीतले जुने पाणीही अंगणातल्या झाडाला, कोरड्या मातीत ओतावे.

आणखी एक. ही वेल खाण्याची नव्हे. पान चावले तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. रांगत्या मुलाच्या हाती लागणार नाही, अशी ती उंच ठेवावी.

आता तुम्ही लिहायला शिकलात. भिंतीवर कॅलेंडर आहे ना? दर रविवारी त्यावर आपल्या हाताने दोन शब्द लिहा: 'बाटली धुतली.' ज्या रविवारी हे शब्द दिसणार नाहीत, त्या दिवशी घरातल्या कोणीही उठावे आणि बाटली धुवावी.