आधी नळाखाली थर्मामीटर



 सकाळी सभेच्या चहाच्या टेबलांवर फिल्म आणि डेव्हलपरवरून वाद रंगले होते. ट्राय-एक्स की एचपी-५? डी-७६ की रोडिनल? ऐकताना मजा आली, पण पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही. म्हणून आज मी पाण्यावर बोलणार आहे.

फिल्म आणि डेव्हलपरच्या डब्यांवरचे धुण्याच्या वेळेचे बहुतेक तक्ते २० अंश सेल्सिअस धरून छापलेले असतात. आपल्याकडे एप्रिलात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तिशी सहज ओलांडतं. इल्फर्डच्या तक्त्यानुसार एचपी-५ प्लसला आयडी-११ मध्ये, पाणी न मिसळता, २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. पुढे दर अंशाला वेळ साधारण दहा टक्क्यांनी घटवायचा. बर्फ वापरूनही पाणी २६ च्या खाली येत नसेल, तर हाती उरतात जेमतेम चार मिनिटं. पाच मिनिटांच्या आत धुतलेल्या रोलचा भरवसा नाही. टँक भरण्या-ओतण्यातच बराच वेळ जातो आणि चित्रातल्या आकाशात पट्टे उमटतात. आता तोच डेव्हलपर एकास एक पाणी घालून वापरा. २० अंशांना तेरा मिनिटं, २६ ला सुमारे सात. रोल वाचला! पातळ डेव्हलपरला आपल्याकडे काटकसर समजतात. माझ्या मते उन्हाळ्यात तो एकच शहाणा मार्ग आहे.

पण पाणी वाढवलं की चित्रही बदलतं. डी-७६ कोडॅकच्या जॉन कॅपस्टाफ यांनी १९२७ च्या सुमारास सिनेमाच्या फिल्मसाठी बसवला. आयडी-११ त्याचाच इल्फर्डी भाऊ. एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २ आणि सोडियम सल्फाइट तब्बल १००. एवढं सल्फाइट चांदीच्या कणांच्या कडा किंचित विरघळवतं, म्हणून ग्रेन मऊ दिसतो. निम्मं पाणी घातलं की हे विरघळणं कमी होतं. ग्रेन थोडा उठतो, कडा धारदार होतात. वारीतल्या चेहऱ्यांना, दगडी घाटांना मला हे आवडतं. लग्नाच्या पोर्ट्रेटला आवडेलच असं नाही.

डी-७६ घरी तोलून बनवता येतो, तरुणांनी जरूर बनवावा. फक्त मेटॉल आधी विरघळवा, हवं तर चिमूटभर सल्फाइटबरोबर. सगळं सल्फाइट आधी ओतलंत तर मेटॉल विरघळता विरघळत नाही.

रोडिनलचे भक्त इथे पुष्कळ आहेत, त्यांची आधीच माफी मागतो. १८९१ पासूनचं हे रसायन बाटलीत वर्षानुवर्षं टिकतं, हे खरं. पण नेहमीच्या पातळ द्रावणात ते ग्रेन जराही मऊ करत नाही. पस्तीस मिलिमीटरच्या ४०० च्या फिल्मवर त्याचा हट्ट का धरावा, मला कळलेलं नाही. एफपी-४ वर, तेही मध्यम फॉरमॅटमध्ये, जरूर वापरा. टी-मॅक्स आणि डेल्टाबद्दल एवढंच सांगतो की या फिल्म वेळ-तापमानातली चूक जुन्या घडणीच्या फिल्मइतकी पोटात घालत नाहीत. पाणी हाताबाहेर असेल तर ट्राय-एक्स किंवा एचपी-५ बरी. त्या दोघींतला फरक तुमच्या टँक हलवण्यातल्या फरकापेक्षा लहान असतो.

गरम पाण्याचा हा प्रश्न जुनाच. देशात फिल्म बनवण्यासाठी १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स उभी राहिली ती उटीला, थंड आणि धूळ कमी अशा हवेत. ‘इंदू’ फिल्म तिथे गारव्यात जन्मली आणि धुतली गेली आपल्या तापलेल्या गावांत. तो कारखाना आता बंद आहे, ऊन मात्र तसंच आहे.

उन्हाचा दुसरा त्रास कॅमेऱ्यात. भर दुपारी पांढरं धोतर आणि फेट्याखालचा सावळा चेहरा एका निगेटिव्हमध्ये बसवायचा, तर ४०० ची फिल्म २०० ची समजून काढा आणि धुण्याचा वेळ पाचव्या हिश्शाने कमी करा. सावलीला प्रकाश मिळतो, धोतर जळत नाही. श्रावणातल्या ढगाळ उजेडात हे उलटं करावं लागतं: फिल्म ४०० लाच ठेवायची आणि वेळ थोडा वाढवायचा. अंधारून आलं तर ८०० ला पुश करा. तिथे मायक्रोफेन हा डेव्हलपर डी-७६ पेक्षा सावल्या जास्त सांभाळतो.

आणि फिक्सर, धुण्याचं पाणीही डेव्हलपरच्याच तापमानाजवळ ठेवा. गरम डेव्हलपरमधून रोल थेट गार पाण्यात टाकला तर जिलेटिनला सुरकुत्या पडू शकतात, आणि त्या कुठल्याही एन्लार्जरला लपवता येत नाहीत.

शेवटी एक सूचना मांडतो, सभेने मान्य करावी. आपल्या वार्षिक प्रदर्शनात प्रिंटखाली कॅमेरा आणि लेन्सची नावं लिहायची पद्धत आहे. पुढच्या वर्षीपासून तिथे फिल्म, डेव्हलपर, त्यातलं पाणी, तापमान आणि मिनिटं लिहावीत, आणि गावाचं नाव व महिनाही. त्यावरून आपल्या हवेचा तक्ता आपणच छापू. सूचनेला अनुमोदन कोण देतंय?